हवाई दलातून नागरी विमानात



या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, वेदान्त, साहित्य असे विषय घेऊन थोर मंडळी येऊन जातात. मी त्या पंक्तीतला नव्हे. माझ्या नोकरीचा पूर्वार्ध हवाई दलाची मालवाहू विमाने चालवण्यात गेला आणि उत्तरार्ध उतारूंची विमाने चालवण्यात. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, या दोन अर्धांच्या मधल्या उंबरठ्याबद्दल बोलेन. सैनिकी वैमानिक नागरी वैमानिक होतो म्हणजे नेमके काय होते? त्याच्याबरोबर काय येते, मागे काय टाकावे लागते, आणि जे टाकायचे ते टाकले नाही तर काय होते?

विषय मूठभर लोकांच्या धंद्याचा आहे, असे आपणांस वाटेल. तसा तो नाही. या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी विमानाचा प्रवास केला असेल. ज्यांनी केला नसेल त्यांचा मुलगा, सून, नातवंडे कोणी ना कोणी केला असेलच. विमानात आपण ज्या दोन माणसांच्या हाती जीव सोपवतो, ती बंद दाराआड बसलेली असतात. त्यांची तोंडेही आपणांस दिसत नाहीत. त्यांची मने कशी घडतात हे जाणून घेण्याचा आपला हक्क आहे, आणि माझ्या मते ते थोडेसे कर्तव्यही आहे. का, ते शेवटी सांगेन.

लोकांची एक समजूत असते. लढाऊ विमान चालवलेला माणूस! त्याला उतारूंचे विमान म्हणजे हातचा मळ. समजूत अगदीच खोटी नाही. परंतु असे पाहा, घोडदळातला उत्तम स्वार आणला आणि त्याच्या हाती टांग्याचा लगाम दिला, तर तो टांगा उत्तम हाकेलच असे नाही. घोडा तोच, लगाम तोच. पण स्वार पाठीवर एकटा असतो आणि टांग्यात मागे बायकामुले बसलेली असतात. स्वाराने खंदक उडी मारून ओलांडला तर त्याची वाहवा होते. टांगेवाल्याने तेच केले तर त्याला लोक वेडा म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील.

आता थोडा इतिहास. आपल्या देशात या दोन विद्यांचा जन्म एकाच महिन्यातला, सात दिवसांच्या अंतराने झालेला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन एका चिमुकल्या पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादेला थांबून मुंबईस जुहूला उतरले. तेथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ती डाक नेली नेव्हिल व्हिंट्सेंट या वैमानिकाने. हे व्हिंट्सेंट ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले गृहस्थ, आणि हवाई डाकेची योजना घेऊन टाटांकडे आले तेही तेच. म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या पाळण्याची दोरी ज्यांनी ओढली, त्यांत एक हात सैनिकी वैमानिकाचा होता. मौज अशी की, १ एप्रिल १९३३ रोजी आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी चार वापिती विमानांनिशी उभी राहिली, तीही द्रिग रोडलाच. दोघी बहिणींचे अंगण एकच.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग टाटांच्या हवाई डाकेचा सगळा संसार, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, उचलून पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर येई. आज पुण्याच्या लोहगावला एकाच धावपट्टीवरून हवाई दलाची लढाऊ विमाने आणि उतारूंची विमाने आळीपाळीने उडताना आपण पाहतो. तो शेजार काही कालपरवाचा नाही.

या दोन बहिणींच्या जिव्हाळ्याची आणखी एक कथा आहे. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास बक्षीस लावले होते. टाटा कराचीहून निघाले, ॲस्पी इंजिनियर नावाचा तरुण इंग्लंडहून निघाला. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. ॲस्पी स्पार्क प्लगांवाचून अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. बक्षीस ॲस्पीने जिंकले, टाटांनी नव्हे. पुढे टाटा नागरी वाहतुकीकडे गेले आणि ॲस्पी हवाई दलात. १९६० मध्ये ॲस्पी इंजिनियर आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मात्र ओघ मोठा झाला. युद्धात वापरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि ती चालवणारे वैमानिक नोकरीतून मोकळे झाले. विमाने आली, माणसे आली, तशा कंपन्याही पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. काहींचे लवकरच दिवाळे वाजले आणि १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स महामंडळ उभे केले. त्या काळात सैनिकी आणि नागरी यांतील रेघ अगदी पुसट होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीर वाचवायला सैनिक श्रीनगरला उतरवले गेले, ते हवाई दलाच्या डाकोटांबरोबर खाजगी कंपन्यांच्या डाकोटांतूनही. सवा वर्षाने, जानेवारी १९४९ मध्ये, त्याच जातीची विमाने आपल्या नागपुरात मध्यरात्री एकत्र येऊ लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी ती येत, डाकेच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या घरी परतत. विमान एकच होते. एका रात्री त्यात बंदुका असत, एका रात्री प्रेमपत्रे आणि मनीऑर्डरी. तेव्हा चालवणाऱ्याच्या मनात काय बदलावे लागते, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नव्हता. तो पुढे अपघातांनी विचारला.

माणसे हवाई दल सोडून का येतात, हे सांगणे सोपे आहे. पगार हे एक कारण, आणि ते लपवण्याचे कारण नाही. दुसरे असे की, सैन्याची रचना पिरॅमिडसारखी असते. हुद्दा वाढतो तसतसे विमान दूर जाते आणि टेबल जवळ येते. ज्याला उडण्याचे वेड आहे, त्याला चाळिशीत फायलींचे ढीग पाहून घुसमटल्यासारखे होते. तिसरे कारण घरचे. मुलांच्या दर दोनतीन वर्षांनी बदलणाऱ्या शाळा, बायकोची सुटलेली नोकरी, गावी एकटे राहणारे म्हातारे आईवडील. अल्पमुदतीच्या कमिशनवर आलेल्यांना तर ठराविक वर्षांनी बाहेर पडावेच लागते.

बाहेर पडल्यावर पहिला धक्का बसतो तो कागदांचा. हवाई दलात छातीवरचे पंख पुरतात, नागरी जगात खिशात परवाना लागतो. पंधरा-वीस वर्षे विमान चालवलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसतो. हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, तांत्रिक विषय, सगळ्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, वैद्यकीय तपासणी वेगळी. विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५०० तासांचे उड्डाण हवे. सैनिकी तास मोजले जातात, पण त्यांची अधिकृत नोंद हवी. येथे एक गंमत आहे. लढाऊ वैमानिकाचे एक उड्डाण तासाभराचे, म्हणून त्याचे तास मुंगीच्या पावलांनी वाढतात. माझ्यासारख्या मालवाहूवाल्याचे तास भराभर साचतात. म्हणजे दलात ज्याचा रुबाब अधिक, त्याची वही इकडे पातळ ठरते. हेलिकॉप्टरवाल्याची वाट तर याहून लांबची, कारण त्याला पंखांचे विमान जवळजवळ पहिल्यापासून शिकावे लागते. परवाना मिळाला तरी ज्या जातीचे विमान चालवायचे, त्या जातीचे शिक्षण सिम्युलेटरवर घ्यायचे आणि मग दर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत हा ससेमिरा चुकत नाही.

परंतु हे सगळे कष्ट हाताचे आणि डोक्याचे आहेत. ते करता येतात. खरी अवघड गोष्ट मनाची आहे. माझ्या अनुभवाने नव्या घराच्या उंबरठ्यावर तीन गोष्टी उतरवून ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे थरार. ती सर्वांत सोपी. दलात विमान उलटे करणे, डोंगरांच्या घळीतून नेणे, शरीराचे वजन चारपाच पटींनी वाढल्यासारखे वाटेल असे वळण घेणे ही विद्या असते. नागरी विमानात मागे कोणी चहा पीत असते, आणि तो बशीत सांडू नये ही विद्या. तेथे उड्डाण आठवणीत राहिले तर ते चांगले झाले असे मानतात, येथे ते कोणाच्या आठवणीत राहिले नाही तर चांगले झाले. मी नोकरी बदलली तेव्हा माझ्या आईने विचारले, "आता तरी सरळ चालवशील ना रे?" नागरी विमान वाहतुकीचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका प्रश्नात आले.

दुसरी गोष्ट म्हणजे हुद्दा. ही कठीण. नागरी कंपनीत ज्येष्ठता मोजतात ती रुजू झाल्याच्या तारखेपासून. काल ज्याच्या हाताखाली शंभर माणसे सलाम ठोकत होती, तो विंग कमांडर आज उजव्या खुर्चीवर सहवैमानिक म्हणून बसतो, आणि डाव्या खुर्चीवरचा कॅप्टन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असतो. बारामतीला किंवा गोंदियाला पैसे भरून उडायला शिकलेला, सैन्याची वर्दी कधी अंगावर न चढवलेला. त्याचे ऐकायचे! पहिले काही आठवडे मन आतून कुरकुरते. पण हा ताप बरा, कारण यात अहंकार लवकर उतरतो. खरी कसोटी पुढे लागते. सहवैमानिकाचा कॅप्टन झाल्यावर, उजवीकडे बसलेल्या पोराने "सर, हे चुकते आहे" असे म्हटले तर ते कानांत शिरते का?

ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. २२ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून कोरियन एअरचे एक मालवाहू जंबो विमान उडाले. कॅप्टन दक्षिण कोरियाच्या हवाई दलातून आलेले, अनुभवी. सहवैमानिक तिशीतला. बाहेर अंधार. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडलेले होते. सहवैमानिकासमोरचे यंत्र खरे दाखवीत होते. विमान डावीकडे वळवताना कॅप्टन ते अधिकाधिक कलवत गेले. मागे बसलेल्या इंजिनियरने कल वाढल्याचे ओरडून सांगितले. सहवैमानिक काहीच बोलला नाही. उड्डाणापासून सुमारे मिनिटाभरात विमान जमिनीवर आदळले आणि आतली चारही माणसे गेली.

आपण विचाराल, डोळ्यांना दिसत असताना तो तरुण गप्प का बसला? श्रोतेहो, हा प्रश्न कोरियाचा नाही. आपल्या घरात, कचेरीत, शाळेत वडीलधाऱ्यांसमोर किती तरुण गप्प बसतात, ते आठवा. "मोठ्यांपुढे बोलू नये" हे वळण पंक्तीला शोभते, पण ते कॉकपिटमध्ये माणसे मारते. सैन्यात आज्ञापालनाला मोल आहे, कारण गोळ्या चालू असताना चर्चा करीत बसता येत नाही. परंतु दोन वैमानिक ठेवण्याचा सगळा हेतूच असा की, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी. दुसरा गप्प बसला तर विमानात एकच वैमानिक आहे, आणि कंपनी दुसऱ्याला पगार उगाच देते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने या प्रश्नावर तज्ज्ञांची एक परिषद भरवली. कॉकपिटमधली माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे आणि ते शिकवता येते, हा विचार तेथून रुजला. आता जगभर त्याचे शिक्षण सक्तीचे आहे. कोरियन एअरनेही २००० सालापासून बाहेरचे तज्ज्ञ आणून आपली घडी बदलली. १९९९ नंतर त्या कंपनीच्या विमानाला जीवघेणा अपघात झालेला नाही. माणसे तीच, देश तोच, रीत बदलली. रीत बदलता येते, ही यातली आशेची बाजू.

तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. ती म्हणजे धोक्याचे गणित.

१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर शत्रूची विमाने बाँब टाकीत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी त्याच धावपट्टीवरून आपले नॅट विमान वर काढले, एकट्याने अनेकांशी झुंज दिली आणि प्राण दिला. परमवीरचक्र मिळालेले ते आपल्या हवाई दलाचे एकमेव वीर. युद्ध सोडा, शांततेतही असेच. मे २००८ मध्ये लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, १६,६१४ फूट उंचीवर, आपल्या दलाने ए एन ३२ जातीचे विमान उतरवले. त्यापूर्वी ती पट्टी चार दशकांहून अधिक काळ वापरात नव्हती. अशा ठिकाणी धोका पत्करला जातो तो हौसेने नव्हे. पुढच्या चौकीतला जवान शिध्याची वाट पाहत असतो. काम झाले नाही तर त्याची किंमत धोक्याहून मोठी असते. म्हणून सैनिकी मनात एक वाक्य कोरले जाते, आणि ते कोरलेच पाहिजे. ते वाक्य असे की, काम झालेच पाहिजे.

आता नागरी विमानात या. मुंबईहून कोचीला निघालेले विमान कोचीला न उतरता बंगळूरला उतरले, तर काय बिघडते? कोणाचे लग्न चुकते, कोणाची मुलाखत, कोणाचे रात्रीचे जेवण. हळहळ होते, क्वचित मोठे नुकसानही होते. पण या पारड्यात दीडशे जीव घालण्याइतके जड दुसऱ्या पारड्यात काहीही नसते. म्हणजे गणित उलटे झाले. सैनिकी वैमानिकाला शिकवतात की काम अर्धवट टाकून परतणे हा शेवटचा उपाय. नागरी वैमानिकाला शिकवावे लागते की परतणे हा नेहमीचा, उघडा आणि सन्मानाचा मार्ग आहे.

उतरताना विमान साधारण हजार फुटांवर आले की, वेग, उतरण्याची गती, दिशा सगळे ठरल्या मर्यादेत स्थिरावलेले असले पाहिजे. नसेल, तर वाद न घालता इंजिनांची शक्ती वाढवून पुन्हा वर जायचे. याला आमच्या भाषेत गो-अराउंड म्हणतात. दोघांपैकी कोणीही तो शब्द उच्चारला की दुसऱ्याने ऐकायचे, मग उच्चारणारा कालचा पोर असो. वाचायला किती सोपा नियम! परंतु खाली दिवे दिसत असतात. धावपट्टी हात पसरून बोलावीत असते. दिवसभराचा शीण असतो, आणि आजवर हजार वेळा आपण उतरलेलो असतो. त्या पाचदहा सेकंदांत हाताला वर जायला लावणे, हे मी केलेल्या कोणत्याही सैनिकी कामगिरीहून कठीण आहे.

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. करोनाच्या साथीत परदेशी अडकलेल्यांना मायदेशी आणणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान दुबईहून कोझिकोडला आले. आत १९० माणसे. कॅप्टन दीपक साठे, आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, हवाई दलात दोन दशके काढलेले, कसोटी वैमानिक राहिलेले, नागरी विमानांचाही दीर्घ अनुभव असलेले. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण मुलांना "असे व्हा" म्हणावे असे. पाऊस कोसळत होता. डोंगरमाथा सपाट करून केलेली ती धावपट्टी. पहिल्या प्रयत्नात त्यांनी उतरण्याचा बेत सोडून विमान वर नेले. दुसऱ्या खेपेस ते उलट दिशेने आले. त्या वेळी वारा पाठीमागून होता. चौकशी अहवाल सांगतो की, विमान स्थिरावलेले नव्हते, धावपट्टीची निम्मी लांबी संपल्यावर ते टेकले, आणि सहवैमानिकाने गो-अराउंड असे म्हटल्यावरही उतरणे चालूच राहिले. विमान टोकावरून खाली कोसळले. २१ माणसे गेली, त्यांत दोन्ही वैमानिक होते.

मृत माणसाचा न्याय करायला आपण येथे जमलेलो नाही. त्यांच्या सैनिकी पूर्वायुष्यामुळे हा अपघात झाला, असे अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. अहवालाने एकट्या कॅप्टनांकडे बोट दाखवलेले नाही. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या अधिकारांतील मोठी दरी आणि ठामपणे बोलण्याच्या शिक्षणाचा अभाव त्याने नोंदवला. कंपनीने त्या ठिकाणी पुरेसे कॅप्टन ठेवले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच कॅप्टनांना पुढचे विमान न्यायचे होते, म्हणून तेथेच उतरण्याची ओढ मनात असावी, हेही लिहिले. म्हणजे पाहा, आपले काम अडू नये ही कर्तव्यनिष्ठाच होती. चांगल्या माणसाचा चांगला गुण चुकीच्या जागी आला. मी हे उदाहरण देतो ते याचसाठी. कौशल्य कितीही मोठे असो, परत फिरण्याची जागा ते भरून काढीत नाही. आणि एकदा परत फिरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा परत फिरणे पहिल्याहून दुप्पट कठीण असते.

मग हवाई दलातून काहीच उपयोगाचे येत नाही की काय? छे! पुष्कळ येते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत सुमारे २८०० फुटांवर रानहंस शिरले आणि दोन्ही इंजिने गेली. कॅप्टन होते चेस्ली सलेनबर्गर, अमेरिकेच्या हवाई दलात फँटम विमाने चालवलेले, १९८० पासून नागरी नोकरीत असलेले. विमान पाण्यावर टेकेपर्यंत त्यांना मिळाले २०८ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटेही नव्हेत. विमानतळावर परतावे हा मोह साहजिक होता. तो त्यांनी सोडला आणि हडसन नदीत विमान उतरवले. १५५ पैकी १५५ माणसे वाचली. त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. दलात असताना त्यांनी पाहिले होते की, काही वैमानिक महागडे विमान गमावल्याचा ठपका येईल या भीतीने ते वाचवू पाहत राहिले, बाहेर उडी टाकायला उशीर झाला आणि जिवाला मुकले. हा धडा त्यांनी लक्षात ठेवला होता. यंत्र जाऊ द्या, माणसे वाचवा.

दुसरे नाव टॅमी जो शल्ट्स यांचे. अमेरिकन नौदलात एफ ए १८ विमाने चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १७ एप्रिल २०१८ रोजी त्यांच्या उतारू विमानाचे एक इंजिन बत्तीस हजार फुटांवर फुटले, खिडकी फुटली, एक उतारू स्त्री दगावली. बाकी १४८ माणसांसह त्यांनी आणि त्यांच्या सहवैमानिकाने विमान फिलाडेल्फियास उतरवले. उतरल्यावर शल्ट्सबाई विमानातून चालत जाऊन उतारूंची विचारपूस करीत होत्या. ती विचारपूस मला विमान उतरवण्याइतकीच मोलाची वाटते. संकटात आवाज न चढणे, हाताशी असलेल्या कामांचा क्रम लावणे, थोडक्या शब्दांत बोलणे, आणि जे हातून गेले त्याचा शोक लांबणीवर टाकून जे उरले ते सांभाळणे, ही हवाई दलाची खरी शिदोरी. ती उंबरठ्यावर ठेवायची नाही, आत आणायची.

म्हणजे निष्कर्ष असा की, धैर्य सोडायचे नाही, धैर्याचे तोंड फिरवायचे. रणात धैर्य पुढे पाहते. नागरी विमानात त्याला मागे वळून पाहता आले पाहिजे. पुढे जाणाऱ्या धैर्याला पदके आहेत, पोवाडे आहेत. परत फिरणाऱ्या धैर्याला काय आहे? उशीर, कंपनीला भरावा लागणारा जास्तीचा तेलखर्च, आणि उतारूंच्या कपाळावरच्या आठ्या. जो अपघात झालाच नाही, त्याची बातमी कोणत्या वर्तमानपत्रात येणार? ज्या रात्री कॅप्टनने शहाणपणा केला, त्या रात्रीबद्दल त्याला कोणी कधीच काही सांगत नाही, कारण शहाणपणा केला नसता तर काय झाले असते हे कोणालाच ठाऊक नसते. अशा पुराव्याशिवायच्या शहाणपणावर रोज ठाम राहायचे, हे नागरी वैमानिकाचे व्रत आहे.

आणि येथेच, मंडळी, आपला संबंध येतो. मघा मी म्हटले की हे जाणणे आपले कर्तव्य आहे, ते याचसाठी. विमान उतरता उतरता एकदम वर गेले की उतारू घाबरतात, आणि मग रागावतात. दुसऱ्या गावी उतरले तर कर्मचाऱ्यांवर तुटून पडतात. "इतरांची विमाने उतरली, तुमचेच का नाही?" हा प्रश्न मी स्वतः अनेकदा ऐकला आहे. या प्रश्नाचे ओझे कळत नकळत पुढच्या खेपेस त्या कॅप्टनच्या हातावर पडते. कंपनीही अखेर गिऱ्हाइकाचेच तोंड पाहते. आपण वेळेचा हट्ट धरला, तर कंपनी वेळेचा हट्ट धरणार, आणि तो हट्ट जिने चढत चढत कॉकपिटपर्यंत पोहोचणार. उलट, परत फिरलेल्या विमानातले दहा उतारू दारात उभ्या कॅप्टनला "बरे केलेत" एवढे दोन शब्द म्हणाले, तर ते शब्दही तेथपर्यंत पोहोचतात. कोणत्याही सिम्युलेटरमध्ये हे शिक्षण मिळत नाही. ते फक्त आपण देऊ शकता.

ही गोष्ट विमानापुरतीच नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. घाटात पुढच्या मोटारीला मागे टाकायला निघालेला मुलगा, पाणी वाहत असलेल्या फरशीवर एस.टी. घालू की नको या विचारात पडलेला ड्रायव्हर, ढग भरून आले असताना गडावर चढणारी पोरे, सगळ्यांपुढे हेच गणित असते. आपण त्यांना लहानपणापासून पुढे जाण्याचे धडे देतो, ते द्यावेतच. परंतु परत फिरलेल्या पोराला "भित्रा" म्हणायचे नाही, एवढे तरी आपल्या घरात ठरवता येईल.

व्याख्यानालाही उतरण्याची वेळ असते. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि त्यांच्या या इशाऱ्याला उत्तर न देण्याइतका मी अजून ज्येष्ठ झालेलो नाही.